अंदाजे छत्तीस

नववीच्या वार्षिक परीक्षेत मला गणितात शंभरपैकी छत्तीस मार्क पडले. त्यात विशेष काही नाही. काठावर पास होणारी माणसं आमच्या घराण्यात पुष्कळ होऊन गेली. विशेष हे, की माझा पेपर कुणी तपासलाच नव्हता. तो कुठे आहे, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. शाळा कोल्हापुरातली, मराठी माध्यमाची. गणिताचे सर मलकापूरकडचे. आठवडाभर कोल्हापुरात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की एसटीनं गावी जायचे. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशावर कायम खडूचा पांढरा डाग. शिकवायला चांगले होते आणि रागवायला त्याहून चांगले.

वार्षिक परीक्षा संपली त्या शनिवारी सरांनी आमच्या वर्गाचे बावन्न पेपर सुतळीनं बांधले, एका कापडी पिशवीत घातले आणि तपासायला गावी घेऊन निघाले. पिशवी शाहूपुरीतल्या एका कापड दुकानाची होती. लग्नसराई होती. एसटीत उभं राहायलाही जागा नव्हती. सरांनी पिशवी वरच्या फळीवर ठेवली, दांडीला धरून उभ्यानंच झोप काढली आणि गाव आल्यावर गडबडीत पिशवी घेऊन उतरले. घरी हातपाय धुतले, चहा घेतला, लाल पेन काढलं आणि पिशवी चटईवर ओतली. आतून बावीस ब्लाउजपीस पडले.

"आधी आमच्या मंडळींना लई आनंद झाला," हे सरांनीच पुढं आम्हाला दहावीत सांगितलं. "तिला वाटलं, बोनस मिळाला."

रविवारी सर डेपोत गेले. सोमवारी कापड दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "सर, या दिवसांत असल्या पिशव्या मी पोत्यानं वाटतोय. कुणाकुणाला आठवू?" सरांनी ब्लाउजपीस त्याच्याकडे ठेवले, शाळेचा पत्ता लिहून दिला, 'कुणी चौकशीला आलं तर लगेच कळवा' म्हणून सांगितलं आणि मग मोठ्या बाईंसमोर जाऊन उभे राहिले. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची.

एक मेला निकाल लावायचा होता. अर्धी मुलं मामाच्या गावाला पांगली होती. पुन्हा परीक्षा घ्यायची म्हटली तर घ्यायची कुणाची? बाई म्हणाल्या, सहामाहीचे मार्क धरा. सरांनी मान खाली घातली. सहामाहीचा पेपर ते मुद्दाम भयंकर काढायचे, मुलांनी घाबरून दिवाळीत अभ्यास करावा म्हणून. त्यात बावन्नातले चाळीस नापास होते. ते मार्क धरले असते तर पुढच्या वर्षी दहावीचा वर्ग एका बाकावर बसला असता.

शेवटी ठरलं, की सरांनी वर्षभर शिकवलंय, प्रत्येकाची कुवत त्यांना ठाऊक आहे, तेव्हा त्यांनीच चाचण्या, वह्या आणि स्वतःचा अनुभव यावरून अंदाजे मार्क द्यावेत. सर दोन दिवस हजेरीपट घेऊन बसले. चाचण्यांचे मार्क अर्ध्यांचे होते, अर्ध्यांचे नव्हते. वह्या मुलांनी परत नेल्या होत्या. राहिला तो अनुभव.

एक मेला झेंडावंदन झालं आणि आम्ही वर्गात जाऊन बसलो. मोठ्या बाई स्वतः आल्या. म्हणाल्या, "तुमच्या गणिताच्या उत्तरपत्रिका प्रवासात गहाळ झाल्या आहेत."

वर्गात असा जल्लोष झाला, की शेजारच्या वर्गातले गुरुजी पळत आले. ज्यांनी पेपरात दिवे लावले होते ते एकमेकांना मिठ्या मारत होते. बाई शांतपणे थांबल्या. मग म्हणाल्या, "म्हणून सरांनी तुम्हाला अंदाजानं मार्क दिलेले आहेत."

एकदम सामसूम झाली. आम्ही सगळे मागं वळून सरलेल्या वर्षाकडं बघत होतो. कोण कधी हसलं होतं, कुणी कुणाला चिठ्ठी दिली होती, कुणी फळ्यावर सरांचं चित्र काढलं होतं, ते सगळं एकदम गणितात मोजलं जाणार होतं.

मला छत्तीस पडणार हे तेव्हाच कळायला हवं होतं. माझं बाक खिडकीशी होतं आणि खिडकीमागं एक बेकरी होती. गणिताचा तास आणि भट्टीतून खारी निघायची वेळ एकच. वर्षभर सर काहीतरी सिद्ध करायचे आणि मी नाक वर करून बसलेली असायचे. माझ्या वहीत त्यांनी तीनदा लाल शाईनं 'लक्ष नाही' लिहिलं होतं. पण परीक्षेआधी महिनाभर मी खरंच अभ्यास केला होता. का केला ते आता आठवत नाही. बहुतेक चुलतभावानं काहीतरी खोचक बोलून दाखवलं असावं. पेपर मला चांगला गेला होता. सत्तर तरी पडतील अशी माझी खात्री होती. एखादी भूमिती इकडंतिकडं झाली असती, पण सत्तर म्हणजे सत्तर.

माझ्या शेजारी बसायची ती माझी मैत्रीण. तिला अडुसष्ट पडले होते. प्रगतिपुस्तक बघून ती पांढरी पडली.

"अगं, अडुसष्ट!" मी म्हटलं.

"गप की," ती म्हणाली. कोल्हापुरात आम्ही पोरीही 'आलो-गेलो'च बोलायचो. "मी तीनच गणितं सोडवलोय. बाकी नुसते समास आखून ठेवलोय."

तिचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि वहीला खाकी कव्हर होतं. पण तिची खरी कमाई मान ही होती. सर फळ्यावर एक पायरी लिहायचे, वळून तिच्याकडं बघायचे, ती मान हलवायची आणि सर पुढच्या पायरीला जायचे. बाकीच्या एकावन्न जणांचं शिक्षण त्या मानेवर चाललं होतं. तिला काही कळायचं असं नव्हे. ती सभ्य होती, एवढंच.

आणि शेवटच्या बाकावर एक पैलवान होता. पहाटे तालमीत जायचा, तिथून थेट शाळेत यायचा आणि दुसऱ्या तासाला ताठ बसून डोळे उघडे ठेवून झोपायचा. त्याला सरांनी एकवीस दिले होते. सगळ्या वर्गात नापास तो एकटाच. का एकटाच, ते सरांनी पुढं कबूल केलं. सगळ्यांनाच पास केलं तर अंदाज खोटा वाटेल म्हणून एक तरी नापास हवा होता. असा एक शोधायचा म्हटल्यावर शेवटच्या बाकाकडं नजर जायला वेळ लागत नाही.

पैलवानानं प्रगतिपुस्तक उघडलं, बघितलं, "बरं," म्हणाला आणि घडी घालून खिशात ठेवलं.

मी मात्र घरापर्यंत रडत गेले.

आमचं घर शहराबाहेरच्या एका गावात होतं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गावातल्या दूध संस्थेचे सचिव होते. सकाळ-संध्याकाळ लोक कॅन घेऊन यायचे, आबा दुधाचा नमुना मशीनला लावून फॅट काढायचे आणि ज्याच्या त्याच्या कार्डावर लिहायचे. माणूस भिडस्त, पण मापात कडक. सख्ख्या भावाचंही फॅट त्यांनी कधी वाढवून लावलं नव्हतं, आणि त्यामुळं आमचं काकांकडं जाणं-येणं थोडं बेताचंच होतं.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"पेपर तपासला न्हाय?"

"न्हाय."

"मग छत्तीस कुठनं आलं?"

"अंदाजानं."

आबांनी दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. सुट्टीच्या दिवसांत त्यांना इस्त्रीच्या शर्टात बघून आईनं विचारलं, कुणाचं लग्न आहे. ते म्हणाले, "शाळेत जाऊन येतो."

शाळेत जाऊन आलेले ते एकटेच नव्हते. आठवडाभरात इतके पालक येऊन गेले, की मोठ्या बाईंनी सगळ्यांना एकदमच बोलावलं. सभागृह म्हणजे दोन वर्गांमधली घडीची भिंत सरकवून केलेली खोली. ज्यांच्या मुलांना कमी पडले होते ते पुढच्या रांगेत बसले. ज्यांच्या मुलांना जास्त पडले होते ते मागं भिंतीला टेकून, 'सरांवर आमचा पूर्ण विश्वास आहे' असं म्हणत उभे राहिले. वर्गात पहिला येणाऱ्या मुलाचे वडीलही पुढच्या रांगेत होते. त्याला चौऱ्याण्णव पडले होते. ते सहा मार्क कुठं गेले, असा त्यांचा सवाल होता.

सर टेबलामागं उभे होते. खिशावरचा डागही त्या दिवशी धुतलेला होता. मी आबांच्या शेजारी बसले होते आणि जमीन दुभंगेल तर बरं असं वाटत होतं. तेवढ्यात आबा उठले.

"सर, मी दूध संस्थेचा सचिव हाय. रोज दोन टायमाला माणसं दूध घालत्यात. म्हस कितीबी देखणी असू दे, न्हाईतर कितीबी मरतुकडी असू दे. तिच्या तोंडाकडं बघून मी आजवर कुणाला फॅट लावलं न्हाय. नमुना घ्यायचा, मशीनला लावायचा आणि येईल तो आकडा लिवायचा."

पुढच्या रांगेनं माना डोलवल्या. सरही गावचे होते. त्यांच्या घरीही म्हशी होत्या.

"बरोबर हाय तुमचं," सर म्हणाले. "पण पावणं, नमुन्याची बाटलीच फुटली तर? त्या दिवशी काय लिवता?"

 खोटं बोलणं आबांना येत नसे आणि हे आमच्या घराला वारंवार महागात पडलेलं होतं.

"आदल्या दिवशीचं फॅट लावतो," ते म्हणाले.

"मग मी तरी दुसरं काय केलंय? आदल्या दिवशीचंच लावलंय की!"

अख्खं सभागृह हसलं. मागच्या भिंतीकडून टाळ्यासुद्धा आल्या. मला वाटलं, संपलं. पण आबा अजून बसले नव्हते.

"थांबा की सर. बाटली फुटली तर आदल्या दिवशीचं लावतो, व्हय. पण धनी जर म्हणाला, की सचिव, कालची गोष्ट येगळी, आज मी म्हशीला सरकी पेंड घातलीया, माझं फॅट वाढलंय, तर मी त्याला हाकलत न्हाय. परत नमुना आण म्हणतो. आता ही माझी पोरगी म्हणतीया, तिनं यंदा अभ्यास केलाय. खरं-खोटं मला ठाव न्हाय. तुम्ही परत नमुना घ्या."

या वेळी टाळ्या पुढून आल्या. बापानं भर सभेत आपली तुलना म्हशीशी केली आणि त्यावर लोक टाळ्या वाजवत आहेत, हे चौदाव्या वर्षी सोसणं सोपं नाही. पुढचं वर्षभर मी वर्गात शिरले की मागून कुणीतरी हळूच हंबरायचं.

मोठ्या बाईंनी तिथंच निर्णय दिला. ज्याला अंदाज मान्य नाही त्यानं मे महिन्यात फेरपरीक्षेला बसावं. सही पालकांची हवी. आणि जे मार्क पडतील ते शेवटचे. अंदाजापेक्षा कमी पडले तरी तेच धरले जातील.

हे शेवटचं वाक्य झालं आणि पुढची रांगही हळूहळू मागच्या भिंतीकडं सरकली. शेवटी सह्या दोनच झाल्या. एक माझ्या आबांची, एक त्या चौऱ्याण्णववाल्याच्या वडिलांची.

पैलवानाच्या घरून त्या दिवशी कुणी आलंच नव्हतं.

आबांनी सभेत शब्द दिलेला असल्यामुळं तो मे महिना माझ्यावर उगवला. पहाटे आबा संस्थेत जायला निघाले की मलाही उठवायचे. "घरी झोपशील," म्हणायचे आणि सोबत न्यायचे. संस्थेच्या टेबलाच्या एका टोकाला फॅटचं मशीन आणि दुसऱ्या टोकाला मी, त्रिकोण काढत. कॅन घेऊन येणारा प्रत्येक जण आधी स्वतःचं फॅट विचारायचा आणि मग माझं. "काय, आज किती पत्तूर आली पोरगी?" एका म्हातारीनं तर सहानुभूतीनं मूठभर शेंगा आणून माझ्या वहीवर ठेवल्या. मावसभावंडं पन्हाळ्याला गेली, आंब्याच्या अढ्या लागल्या आणि उठल्या, आणि मी कंपास घेऊन बसलेली. राग इतका होता, की खारीचा वाससुद्धा आठवत नव्हता. माझा सगळा अभ्यास त्या रागावर झाला. सरांना दाखवून द्यायचं होतं, बस.

फेरपरीक्षेच्या दिवशी मैत्रीण माझ्याबरोबर शाळेत आली. सरांनी तिला दारात बघितलं.

"तुला काय काम हाय? अडुसष्ट पडल्यात की तुला."

"सोबत आलोय सर," ती म्हणाली आणि बाहेरच्या पायरीवर बसली. पेपर संपेपर्यंत ती तिथंच होती. मी मधून खिडकीतून बघायचे. दोनदा ती उठून दारापर्यंत आली, आणि दोन्ही वेळा परत जाऊन बसली. त्या वेळी मला वाटलं, तिला कंटाळा आलाय.

मला चौसष्ट पडले. चौऱ्याण्णववाल्याला एक्याण्णव पडले आणि त्याचे वडील तक्रार करायला परत आले, पण बाईंनी त्यांना त्यांचीच सही दाखवली. मी त्या दिवशी आबांच्या सायकलवर मागं बसून गावात आले ती जणू मिरवणूकच होती. संस्थेत आबांनी पेढे वाटले. एक जण म्हणाला, "सचिव, सरकी पेंड लागू पडली म्हणायची!"

इथं गोष्ट संपली असती तर ती माझ्या विजयाची झाली असती.

जून उजाडला. आम्ही दहावीत गेलो. पैलवान नववीत दिसेना. चौकशी केली तेव्हा कळलं, की तो नापास झाल्यावर त्याच्या वडिलांनी शाळा बंद केली आणि त्याला इचलकरंजीला मामाकडं पाठवलं. मामा यंत्रमागावर होता. पोरगं तिथं कामाला लागलं होतं.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. एका दुपारी शाहूपुरीतल्या त्या कापड दुकानाचा नोकर सरांना शोधत आला. त्याच्याबरोबर पटका बांधलेला एक म्हातारा शेतकरी होता आणि म्हाताऱ्याच्या काखेत पिशवी होती. आमचा तास चालू होता. सरांनी दारातच पिशवीत हात घातला, सुतळी हाताला लागली आणि त्यांनी आमच्या पेपरांचा गठ्ठा बाहेर ओढला.

"अहो, कुठं होतं हे इतके दिवस?"

"घरात की," म्हातारा म्हणाला. "नातीच्या लग्नाचा आहेर न्यायला आलतो. घरी जाऊन बघतोय तर हे. आमच्या बायका म्हणाल्या, सरकारी कागद हायत, हात लावू नगासा. मग देव्हाऱ्यापाशी ठेवून दिलं. म्हटलं, ज्याचं असंल तो येईल की न्यायला. कोण येईना, तवा पेरणी उरकून दुकानात गेलो."

"पण तुम्ही कुठं राहता ते आम्हाला काय ठाऊक?"

म्हाताऱ्यानं विचार केला. "ते बी खरंच की," म्हणाला. मग त्यानं विचारलं, "आमचं ब्लाउजपीस?"

ते दुकानात जसेच्या तसे होते. लग्न टॉवेल-टोपीवर निभावून नेलं होतं.

आता ते पेपर तपासायची काहीच गरज नव्हती. निकाल लागला होता, मुलं वरच्या वर्गात बसली होती. मोठ्या बाई म्हणाल्या, गठ्ठा कपाटात टाका आणि विसरा. पण सर तो खोलीवर घेऊन गेले आणि रविवारी दार लावून तपासत बसले. एका बाजूला अंदाजाचा हजेरीपट, एका बाजूला पेपर. सर पुढं सांगायचे, पहिले दहा पेपर होईपर्यंत ते खुशीत होते. अंदाज दोन-चार मार्कांच्या आत बरोबर येत होता. मग पैलवानाचा पेपर आला.

पैलवानाला चव्वेचाळीस मार्क होते.

सरांनी तो तीनदा तपासला. बेरीज तीनदा केली. भूमितीच्या आकृत्या वाकड्या होत्या, पण उत्तरं बरोबर होती. दुसऱ्या दिवशी सरांनी शाळेतून रजा काढली, पेपर घेतला आणि इचलकरंजीची एसटी पकडली.

पुढचं मी पैलवानाच्याच तोंडून ऐकलंय, आणि तो सांगताना उठून उभा राहून सगळ्यांच्या नकला करायचा. मागाच्या शेडमध्ये एवढा खडखडाट असतो, की शेजारच्या माणसाचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं. तिथं दारात सर उभे राहिले. पैलवान आतल्या कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरत होता. सरांनी हाका मारल्या. ऐकू जाईना. मग ते हात वर करून ओरडायला लागले, "पास! पास!"

मुकादम पळत आला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "पास लागत न्हाय, पावणं! या आत!"

सर आत घुसले. पैलवानाला वाटलं, आपण काहीतरी केलंय आणि सर इथपर्यंत मारायला आलेत. तो कांड्यांच्या टोपलीमागं दडला. शेवटी सरांनी तो पेपर त्याच्या डोळ्यांसमोर धरला आणि लाल शाईतल्या आकड्यावर बोट ठेवलं.

बाहेर चहाच्या टपरीवर आल्यावर सरांनी त्याला विचारलं, "अरे, पेपर चांगला गेलता तर तक्रार का केली न्हाईस? फेरपरीक्षेला का आला न्हाईस?"

"तुम्हीच म्हणालासा की, एकवीस," पैलवान म्हणाला. "मला वाटलं, सर म्हणत्यात म्हणजे एकवीसच असतील. माझंच काय तरी चुकलं असंल."

एवढं सांगून झाल्यावर पैलवान नकला थांबवायचा. म्हणायचा, त्यावर सर चहा तसाच ठेवून उठले. मग मामाला भेटले, त्याच दिवशी त्याच्या वडिलांनाही भेटले. वडील म्हणाले, आता राहू दे, कामाला लागलाय. सर म्हणाले, "तुमचं पोरगं नापास न्हाय. मी नापास हाय." वडील उठले आणि माळ्यावरचं दप्तर काढून आणलं.

गुरुवारी तिसऱ्या तासाला आमच्या वर्गाचं दार उघडलं. पुढं सर, खांद्याला पैलवानाचं दप्तर अडकवलेलं, आणि मागं पैलवान, मोकळ्या हातांनी. सर फळ्यापुढं उभे राहिले.

"हा या वर्गातला हाय," सर म्हणाले. "याला चव्वेचाळीस मार्क हायत. मी न बघता नापास केलंतं. चूक माझी."

शिक्षक असं म्हणू शकतात हे आम्हाला माहीत नव्हतं. काय करायचं ते न कळून आम्ही सगळे उभे राहिलो. पैलवान शेवटच्या बाकाकडं गेला आणि बसता बसता म्हणाला, "सर, गृहपाठ किती झालाय?"

त्याच आठवड्यात सरांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर माझा एप्रिलचा पेपर होता. मी ऐटीत गेले. मनात म्हटलं, आता माझी पण माफी मागणार.

"तुझ्या अंदाजानं किती पडायला पाहिजेत?" त्यांनी विचारलं.

"सत्तर."

त्यांनी पेपर उलटा केला. एक्केचाळीस होते.

मी पानं उलटून बघितली. ज्या गणितांवर माझी सगळी भिस्त होती त्यांत मी पहिल्याच ओळीत चिन्ह चुकवलं होतं आणि मग दोन-दोन पानं मोठ्या आत्मविश्वासानं चुकत गेले होते.

"माझा अंदाज पाच मार्कांनी चुकला," सर म्हणाले. "तुझा एकोणतीसनं."

मला रडू यायला लागलं. "पण सर, चौसष्ट?"

"ते मे महिन्यातले हायत. ते एप्रिलात नव्हतेच, मग मला कसं दिसणार?"  मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तेच तर. अंदाजाला मागचं दिसतं, पुढचं न्हाय."

मैत्रिणीचा पेपर मी त्या टेबलावर बघितला नाही, पण तिनं मला आपणहून सांगितलं. बावीस. सरांनी तिला एकटीला बोलावून दाखवला होता. पेपराच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, 'सर, वेळ पुरला नाही, क्षमस्व,' आणि त्याखालीही पट्टीनं रेघ मारली होती. सर म्हणाले होते, "समास झकास आखल्यास." फेरपरीक्षेच्या दिवशी आपण आत बसायचं ठरवूनच घरून निघालो होतो, पण उंबरा ओलांडवला नाही, हेही तिनं तेव्हाच सांगितलं. बाईंनी ठरवलं, की पास झालेल्या कुणाला मागं आणायचं नाही. चूक शाळेची, शिक्षा मुलांना नको. तिला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. ती दोन दिवस जेवली नाही.

मग दहावीच्या वर्षभर सरांनी तिला आणि तिच्यासारख्या पाच-सहा जणांना शाळा सुटल्यावर तासभर थांबवून घेतलं. पैलवानही बसायचा, कारण संध्याकाळच्या तालमीपर्यंत त्याला वेळ काढायचा असायचा. तासाला सर तिच्याकडं बघेनासे झाले होते. एखाद्या पायरीवर थांबून कुणालाही उठवायचे. श्रावणात कधीतरी तिनं हात वर केला आणि म्हणाली, "सर, मला न्हाय कळलं." पाठोपाठ वीसेक हात वर झाले. सरांनी फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरू केलं.

दहावीला आम्ही तिघेही पास झालो. पैलवान पुढं गुळाच्या व्यापारात गेला, मैत्रीण परिचारिका झाली आणि मी, सरांना ऐकून हसू आलं असतं, मास्तरीण झाले. विषय मात्र मराठी घेतला.

दोन हजारनंतर आमच्या शाळांत तोंडी परीक्षेचे वीस मार्क आले. ते शिक्षकांनीच द्यायचे. शिक्षकांच्या खोलीत त्याची रीत चटकन पडली. चहा मागवायचा, यादी घ्यायची आणि वरून खाली सतरा, अठरा, सतरा, अठरा लिहीत जायचं. मी एकेकाला बोलावून ऐकत बसले तेव्हा सहकारी म्हणाले, "मॅडम, पोरं तुम्हाला ठाऊक हायत की. अंदाजानं टाका आणि चला घरी."

ठाऊक आहेत असं मलाही वाटत होतं. म्हणून पहिल्या वर्षी मी गंमत म्हणून वहीत आधीच पेन्सिलनं मार्क लिहून ठेवले. पहिल्या दहांतले सहा मला खोडावे लागले. अकरावा मुलगा वर्षभरात एक वाक्य बोललेला नव्हता. त्याच्यापुढं मी नऊ लिहिले होते. मी त्याला म्हटलं, तुला आवडेल त्या विषयावर पाच मिनिटं बोल.

त्यानं घरच्या कबुतरांबद्दल सांगायला सुरुवात केली. कुठलं कबुतर किती लांबून परत येतं, एखादं आलं नाही तर गच्चीवर कसं थांबायचं, आलेल्याला आधी पाणी द्यायचं की दाणे. त्याच्या बोलण्यात एकही पुस्तकी वाक्य नव्हतं. बाहेर रांगेतली मुलं दाराशी येऊन ऐकायला लागली. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. मी नऊ खोडून एकोणीस लिहिले आणि त्याला म्हटलं, बास, झालं.

"मॅडम," तो म्हणाला, "आजून दोन मिंटं हायत का? एक लंगडं कबुतर ऱ्हायलंय."

मी म्हटलं, सांग.